एका डिस्कवर विंडोज आणि लिनक्स

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ असून त्यात ५१२ जीबीची एकच एसएसडी आहे. तिची निम्मी जागा रिकामी आहे. विंडोज आणि त्यातील फायली जशाच्या तशा ठेवून तेथे उबुंटू ही लिनक्स प्रणाली बसवायची आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात विंडोजमधूनच करावी. प्रत्यक्ष इन्स्टॉल करण्याचे काम आता फारसे अवघड राहिलेले नाही. फायली गमावण्याची वेळ येते ती बहुधा आधीची तयारी राहून गेल्यामुळे. म्हणून महत्त्वाच्या सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याच एसएसडीच्या दुसऱ्या पार्टिशनमध्ये, म्हणजे विभागात, ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे.

त्यानंतर बिटलॉकर, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारी) करण्याची विंडोजची सोय, चालू आहे का ते पाहावे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि वापरणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. बूट होण्याच्या व्यवस्थेत काही बदल झाला, की अशी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, आणि ती हाती नसेल तर डिस्क शाबूत असूनही तिच्यातले काहीही वाचता येत नाही. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आजच कागदावर उतरवून घ्यावी. शक्य असल्यास इन्स्टॉलपुरते एन्क्रिप्शन बंद करावे व डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होईपर्यंत थांबावे, असे माझे मत आहे.

विंडोज लवकर सुरू व्हावी म्हणून असलेल्या फास्ट स्टार्टअप या सोयीकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ते चालू असताना विंडोज शट डाउन केली तरी पूर्णपणे बंद होत नाही. कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, त्या क्षणाची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तेथूनच काम सुरू होते. विंडोजच्या दृष्टीने सी ड्राइव्ह अद्याप वापरातच असतो, त्यामुळे लिनक्स तो केवळ वाचण्यापुरता उघडते किंवा उघडतच नाही, आणि जबरदस्तीने त्यावर लिहिल्यास फायली खराब होऊ शकतात. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय कायमची बंद करावी.

आता डिस्क मॅनेजमेंटमधील ‘श्रिंक व्हॉल्यूम’ने सी ड्राइव्ह लहान करावा. उबुंटूला किमान २५ जीबी लागतात. रोजच्या वापरासाठी ८० ते १०० जीबी द्यावेत. मोकळी झालेली जागा फॉरमॅट न करता तशीच सोडावी. इन्स्टॉलरमध्ये विंडोजच्या शेजारी बसवण्याचा पर्याय घ्यावा. संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडल्यास विंडोजही जाते. स्वतः पार्टिशन करणार असाल तर १०० एमबीच्या आसपासचे जे लहानसे ईएफआय पार्टिशन दिसेल, ते फॉरमॅट करू नये, कारण दोन्ही प्रणालींचे बूटलोडर (प्रणाली सुरू करणारे प्रोग्राम) तेथेच वेगवेगळ्या फोल्डरांत राहतात. सिक्युअर बूट, म्हणजे स्वाक्षरी नसलेला बूटलोडर चालू न देणारी सोय, बंद करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. उबुंटूचा बूटलोडर स्वाक्षरी केलेला असल्यामुळे सहसा त्याची गरज पडत नाही.

प्रश्न : दोन्ही प्रणाली उत्तम चालतात, पण लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतले की घड्याळ चुकते. मदरबोर्डवरील बॅटरी संपली असेल का?

उत्तर : बॅटरीचा येथे संबंध नाही. मदरबोर्डवरील घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते, तर विंडोज त्याच आकड्यांना स्थानिक वेळ समजते. म्हणून दोन वेळांत जेवढे अंतर, तेवढीच चूक दिसते. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ (timedatectl) या आज्ञेने घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवता येते, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंग्जच्या साठ्यात, नोंद करून तिला प्रमाणवेळ मानायला लावता येते. मी दुसरा मार्ग सुचवेन, कारण ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे पुढे केली जातात तेथे पहिल्या मार्गाने दोन्ही प्रणाली एकेकदा वेळ बदलण्याचा धोका राहतो. मात्र दोन्हींपैकी एकच उपाय करावा. दोन्ही एकदम केल्यास घड्याळ उलट्या दिशेने चुकू लागेल.