ट्रायपॉडचा पाय कॉलर घट्ट पिळूनही खाली का सरकतो?

कॅमेरा बसवला की ट्रायपॉडचा एक पाय हळूहळू आत सरकतो, तेव्हा कॉलर (पायाच्या एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या सांध्यावरची, पिळून घट्ट करायची कडी) आणखी जोराने पिळावी का, असे आपण विचारले आहे. कृपया तसे करू नका. दोष बहुधा आत साचलेल्या मळाचा किंवा भलत्या जागी लागलेल्या वंगणाचा असतो, आणि जादा जोराने आटे मात्र झिजतात.

कॉलरच्या आत, बारीक नळीभोवती, उभी चीर असलेली प्लास्टिकची निमुळती स्लीव्ह असते. कॉलर आट्यांवर चढत गेली की ही स्लीव्ह पाचरीसारखी दाबली जाते, तिची चीर मिटू लागते आणि ती नळीला चहूबाजूंनी आवळते. सारी पकड स्लीव्ह आणि नळी यांच्यातील घर्षणाची असते. मी स्वतः एकदा कॉलर सहज फिरावी म्हणून स्लीव्हच्या आतील बाजूलाही ग्रीस लावले होते, आणि तो पाय पुसून कोरडा करेपर्यंत कॅमेऱ्याचे वजन पेलेना.

एका वेळी एकच पाय उघडा, म्हणजे भागांची अदलाबदल होणार नाही. कॉलर पूर्ण सोडवून नळी बाहेर ओढली की तिच्या वरच्या टोकाला प्लास्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या दिसतील. त्यांचे छोटे उंचवटे नळीच्या छिद्रांत बसलेले असतात. त्या हलकेच काढा, पण कोणती बाजू वर होती हे आधी पाहून ठेवा. आट्यांतील वाळू जुन्या दातब्रशाने सौम्य साबणाच्या पाण्यात काढा, सर्व भाग पूर्ण वाळू द्या, आणि ग्रीसचा अगदी पातळ थर फक्त आट्यांना लावा. स्लीव्ह तडकली असेल किंवा आतून झिजून गुळगुळीत झाली असेल, तर ती बदलण्यावाचून इलाज नाही. समुद्राच्या पाण्यात पाय बुडाले असतील, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुणे मी कधीही टाळत नाही.

जुन्या बनावटीच्या काही ट्रायपॉडमध्ये नळी आतल्या आत फिरू नये यासाठी खाच नसते. तसे असल्यास उघडताना वरची कॉलर आधी घट्ट करावी आणि मिटताना खालची आधी सोडावी. जोडणी झाल्यावर कॅमेरा बसवण्यापूर्वी प्रत्येक पाय हाताने खाली दाबून पाहा.