पायथॉनमध्ये 0.1 + 0.2 केलं की 0.30000000000000004 येतं, नुसतं 0.1 मात्र नीट दिसतं. असं का, आणि हे दुरुस्त कसं करायचं?

नुसतं 0.1 सुद्धा आत 0.1 नसतंच. छेदात फक्त 2 चे घात असतील तेच अपूर्णांक बायनरीत, म्हणजे संगणकाच्या 0 आणि 1 च्या पद्धतीत, संपतात, म्हणून 0.5, 0.25, 0.75 चोख बसतात. 10 मधला 5 आडवा येतो. संख्या साठवायला 64 बिट, म्हणजे 0 किंवा 1 ची घरं, असतात: 1 चिन्हाला, 11 घातांकाला, आकड्यांना उरले 52. त्यात जवळात जवळची संख्या बसते ती 0.10000000000000000555... अशी. ती ओळखायला पुरेल एवढाच छोटा दशांश पायथॉन 3.1 पासून छापतं, म्हणून 0.1 दिसतं. तुमची बेरीज 0.3 च्या लगतच्या पुढच्या संख्येवर पडते, मग तिला 0.3 कसं छापणार?

'दुरुस्त' म्हणाल तर पैशाच्या हिशोबात फ्लोट, म्हणजे अशी बायनरीत साठवलेली दशांश संख्या, आणूच नका. यावर मी ऑफिसात भांडलो आहे. गावच्या दूध संस्थांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करत होतो. लिटरमागे 25 पैसे जादा द्यायचे होते. एका सभासदाचं दूध 10.7 लिटर, म्हणजे 2.675 रुपये. सचिवांच्या वहीत 2.68, आमच्या पावतीवर 2.67. कारण 10.7 आत 10.699999999999999289... आहे, गुणाकारही 2.675 च्या केसभर खालीच राहतो आणि दोन दशांशांपर्यंत आणताना खाली उतरतो. सचिवांनी वही पुढे ठेवली, ते बरोबर होते.

आमचे सर म्हणाले, "एका पैशानं काय होतंय? गोल करायच्या आधी 0.0001 मिळव आणि सोड." मी नाही म्हटलं. खरी रक्कम 2.67495 असेल तर ती 2.67 व्हायला हवी. यांच्या मलमपट्टीनं ती 2.68 होते. एकाचा पैसा वाचवायला दुसऱ्याच्या बिलात घोळ. आणि ज्याचं घर दुधावर चालतं तो पावतीतला पैसा न् पैसा वाचतो, हे एसीत बसून कळत नाही.

माझं म्हणणं साधं होतं: दूध मिलिलिटरमध्ये, रक्कम पैशांत, सगळं पूर्णांकात. 10700 गुणिले 25, त्यात गोल करण्यासाठी 500 (म्हणजे अर्धा पैसा) मिळवा, 1000 नं पूर्णांक भागाकार करा: 268 पैसे. संपलं. आजही मी हेच करेन.

फ्लोट वाईट आहे असं मात्र नाही. तापमान, ग्राफिक्स, इंजिनिअरिंगची गणितं यांना तोच हवा. 1985 च्या आयईईई 754 मानकामुळे वेगवेगळ्या मशिनवर फ्लोटचं मूळ गणित एकाच नियमानं चालायला लागलं. त्यामागे संगणकशास्त्रज्ञ विल्यम काहान यांचं काम फार मोठं आहे. टक्के, व्याज, कर असेल तर पायथॉनचं डेसिमल, म्हणजे दशांश पद्धतीतच हिशोब करणारा प्रकार, वापरा, पण त्याला आकडा अवतरणचिन्हांत द्या, नाहीतर फ्लोटची शेपटी तिथंही शिरते. आणि अर्धा पैसा वर न्यायचा की कसं, हे ग्राहकाकडून लेखी घ्या: पायथॉनचं राउंड 2.5 चं 2 करतं, 3.5 चं 4.