१८० पैकी १५० दिवस गेले

नाशिकच्या एका वाचक मुलीचं पत्र आहे. मोबाईलवरच्या एका शूटिंग गेममध्ये ती टोपणनावानं खेळायची. स्पर्धा भरवणाऱ्या ग्रुपनं 'फेक आयडी चालणार नाहीत' असं म्हणत आधारवरचं पूर्ण नाव प्रोफाईलला लावायला सांगितलं आणि पडताळणीसाठी आधारकार्डाचा फोटो मागवला. तिनं दोन्ही दिलं. आठवड्याभरात एका खेळाडूनं आडनावावरून तिचं इन्स्टाग्राम शोधलं, तिथून कॉलेज. आधी मेसेज आले, मग वेगवेगळ्या आयडींवरून धमक्या. याला पाच महिने झाले. तिनं विचारलंय, खरं नाव लावायची सक्ती बेकायदा नाही का? आणि हा ताप एकदाचा संपवायला अकाउंट डिलीट करू का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे. डिलीट करू नका. तुम्हाला हे मेलवर त्याच दिवशी कळवलं होतं. पण अशी पत्रं इतकी येतात, आणि बहुतेकींनी डिलीटचं बटण आधीच दाबलेलं असतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला. त्यानुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस सांभाळायचे. हे १८० दिवस सरकते आहेत. आज नवा दिवस आत आला की सहा महिन्यांपूर्वीचा एक दिवस बाहेर पडतो, आणि तो पुढे जपून ठेवायला कंपनी बांधील राहत नाही. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ मध्येही तोच आकडा आहे: एखाद्यानं खातं बंद केलं तर त्याची नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवायची. तुमचं खातं गेलं की तुमच्या इनबॉक्समधला पुरावा जातो. त्या माणसाचं काहीच जात नाही.

पाच महिने म्हणजे दीडशे दिवस. उरले तीस. आणि सगळ्यात आधी जाणार आहे तो पहिला आठवडा, जो तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा आहे. पहिले मेसेज त्यानं बिनधास्तपणे स्वतःच्या आयडीवरून पाठवले असणार. धमक्यांसाठी काढलेल्या नंतरच्या आयडी कदाचित खरा ठावठिकाणा लपवणाऱ्या व्हीपीएनच्या आडून चालवल्या असतील. त्यांचा माग काढताना पोलीसही दमतात. तुम्ही लिहिता, 'वाटलं, कंटाळून गप्प बसेल.' असं सगळ्यांनाच वाटतं. त्यात तुमचा दोष नाही, पण दिवस मात्र तुमचे गेले.

आता एक गंमत बघा. ज्या नावसक्तीनं तुम्हाला गोत्यात आणलं, तिच्यामुळेच त्याचंही खरं नाव आणि आधारचा फोटो आयोजकाकडे पडलेला असण्याची शक्यता आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस तो लेखी आदेशानं मागू शकतात. म्हणून रागाच्या भरात आयोजकाला 'सगळा डेटा उडवा' असं लिहू नका. फक्त स्वतःच्या आधारचा फोटो पुसायला सांगा, तोही तक्रार नोंदवून झाल्यावर. दोघातिघा मित्रांनी चालवलेला ग्रुप सर्ट-इनच्या आदेशात बसतो का, यावर वकील वाद घालतील. गेम चालवणारी कंपनी मात्र त्यातून सुटत नाही.

राहिला नावसक्तीचा प्रश्न. पुट्टास्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो निकाल मला प्रत्येक पत्रात ऐकवला जातो. पण तो मुख्यतः सरकारविरुद्ध कामाला येतो. खासगी ग्रुपविरुद्ध किती ताणता येईल, याची खात्री मी देणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि त्यातही मुख्य बंधनांना अठरा महिन्यांची सवड दिली. म्हणजे मे २०२७. त्या कायद्यात संमती फक्त सांगितलेल्या कामापुरती आणि त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती धरली जाते. बक्षीस द्यायला आयोजकाला नाव कळणं एक. तेच नाव अनोळखी शेकडो लोकांनी वाचणं दुसरं. दुसऱ्याची गरज कुठल्याही आयोजकाला सिद्ध करता येईल असं मला वाटत नाही. पण तो वाद तेव्हाचा. आजची अडचण ही, की तुमच्यासमोर 'नाव प्रोफाईलवर दिसेल' असं स्वच्छ लिहिलेलं होतं आणि तुम्ही न वाचता टिक केलंत. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत संवेदनशील माहितीची यादी आहे. त्यात पासवर्ड आहे, बँकेचा तपशील आहे, आजारपण आहे, नाव नाही.

आधारचं तसं नाही. आधार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे कुणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे लावता येत नाही. तो फोटो ग्रुपमध्ये कुणी टाकला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. टाकला असेल तर तक्रारीत वेगळा परिच्छेद करा. पुढे कुणी मागितलंच, तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्या. ते फुकट डाउनलोड होतं.

आपल्याला काय होतंय, असं म्हणणाऱ्या आयोजकांसाठी एक जुनी गोष्ट. जुलै २०१० मध्ये ब्लिझर्ड कंपनीनं आपल्या चर्चामंचावर खरी नावं सक्तीची करण्याचं जाहीर केलं. यात भिण्यासारखं काही नाही हे दाखवायला त्यांच्याच एका कर्मचाऱ्यानं स्वतःचं नाव लिहिलं, तर लोकांनी बघता बघता त्याची खासगी माहिती खणून काढली. तीनच दिवसांत कंपनीनं बेत गुंडाळला.

तर आता करायचं ते. स्क्रीनशॉट तुमच्याकडे आहेत, पण त्यांत फक्त टोपणनाव दिसतं. टोपणनाव उद्या बदलता येतं. प्रोफाईल उघडून त्याखालचा आकड्यांचा आयडी दिसेल असे स्क्रीनशॉट पुन्हा घ्या, तारीख-वेळेसकट. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, आणि खटला उभा राहीपर्यंत काय काय जपून ठेवावं लागेल याची आपल्या कोर्टांची चाल बघता मला कल्पना आहे.

तक्रार सायबर पोलीस ठाण्यात द्या. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही देता येईल, पण तिथे निनावीचा पर्याय निवडू नका. निनावी तक्रारीचा पाठपुरावा तुम्ही कसा करणार? कलमं त्यांना लावू द्या. भारतीय न्याय संहितेचं ७८, म्हणजे पाठलाग, आणि निनावी धमकीसाठी ३५१ (४), ही माझ्या मते बसतात. तुम्ही एकदा त्याला 'परत मेसेज करू नकोस' असं लिहिलंय. तो स्क्रीनशॉट सगळ्यात वर लावा, कारण ७८ मध्ये बाईनं स्पष्ट नकार दिला होता का हे पाहिलं जातं. 'हद्द आमची नाही' म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवला जाणारा गुन्हा, मागा. ऑनलाइन कळवलंत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, हे विसरू नका.

अर्जाच्या शेवटी हे वाक्य जसंच्या तसं घाला: 'सदर आयडींच्या नोंदणीच्या व लॉगच्या नोंदी १८० दिवसांची मुदत संपण्याआधी जतन करण्याबाबत संबंधित कंपनीस व आयोजकास तातडीने लेखी कळवावे, ही विनंती.' पहिल्या मेसेजची तारीख त्याच्या खाली लिहा. पोच घ्या, आणि पोचेवर शिक्क्यासोबत तारीख आहे ना, हे ठाण्यातच उभं राहून बघा.