दागिन्यांच्या पेटीचं झाकण का तडकतं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मागच्या श्रावणात घरीच सागवानाची पेटी केली, दिवाळीपर्यंत छान होती आणि ऐन चैत्र-वैशाखात झाकण मधोमध तडकलं. आता तुळशीच्या लग्नानंतर बहिणीचं लग्न आहे, तिच्यासाठी पुन्हा करायची आहे. जुन्या घराची तुळई पडून आहे, आणि काका धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, सागवान तोडून द्यायला तयार आहेत. विचारलंय की लाकूड खराब होतं का, आणि यावेळी कोणतं वापरावं.

लाकूड खराब नव्हतं. तुम्ही झाकणाची रुंद फळी चारही बाजूंनी फेविकॉल लावून चौकटीत पक्की केली, तिथेच ती तडकायची ठरली. लाकूड वाळल्यावरही हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. सागवान यात बराच शांत समजला जातो, तरी हलायचं ते हलतंच. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, हवा इतकी कोरडी की धुतलेलं धोतर बघता बघता वाळतं. तेव्हा घरातल्या लाकडात ६-७ टक्क्यांच्या आसपास ओलावा उरतो. ऑगस्टच्या झडीत तोच १३-१४ टक्क्यांपर्यंत चढतो. एवढ्या फरकाने १६० मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी साधारण २ मिलिमीटर कमी-जास्त होते. तुमची फळी श्रावणात फुगलेली असताना चिकटवली गेली. उन्हाळ्यात तिला आकसायचं होतं, चौकट सोडेना, मग ती मधून फाटली. पुण्या-मुंबईकडच्या पाहून केलेल्या पेट्या आपल्याकडे फसतात त्या यामुळेच. तिकडे हवा एवढी टोकाला जात नाही.

आता लाकडाचं. धुऱ्यावरचं झाड राहू द्या. सागवान स्वतःच्या शेतातलं असलं तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते, आणि लाकूड हलवायचं तर वाहतूक परवानाही लागतो. ते सगळं झालं तरी ओलं लाकूड या लग्नाला कामाचं नाही. एक इंच जाडीला सावलीत वर्षभर, असा सुतारांचा जुना हिशेब आहे. आलापल्लीच्या जंगलातलं असो की बल्लारशाच्या लाकूड डेपोतलं, ओलं सागवान पेटीला घ्यायचं नाही.

तुळई घ्या. छपराखाली इतके उन्हाळे-पावसाळे काढलेलं लाकूड पैसे देऊनही सहज मिळत नाही. फक्त आरागिरणीवर नेण्याआधी खिळे शोधून काढा. दिसणारे काढाल, मोडून आत राहिलेले राहतील, म्हणून लोहचुंबक फिरवा. पातं खराब झालं तर गिरणीवाला पुन्हा जुनं लाकूड हातात घेणार नाही. भिंतीत गेलेली दोन्ही टोकं कापून टाका, उधई लागली असेल तर तिथेच असते. बाजूंसाठी १५ मिलिमीटरच्या आणि झाकणासाठी १० मिलिमीटरच्या फळ्या काढून आणा. रंधून त्या १२ आणि ८ वर येतील. आणल्याबरोबर कामाला घेऊ नका. तुळईचा गाभा अजून वेगळ्या ओलाव्यावर असतो, फळी उघडी पडली की थोडी वाकते. मधे पातळ पट्ट्या देऊन पंधरा-वीस दिवस घरात रचून ठेवा, कूलरच्या वाऱ्यात नको.

झाकणाला फळी निवडताना तिच्या तोंडाकडून, म्हणजे आडव्या कापलेल्या टोकाकडून पाहा. झाडाच्या वाढीची वलयं उभ्या रेघांसारखी दिसत असतील तर ती फळी निम्मीच हलते. वलयं कमानीसारखी असतील तर ती बाजूंना वापरा.

माप ठरवताना दागिने समोर ठेवा. २-६ ची बांगडी आतून ६० मिलिमीटर असते, पाटली-तोडे धरले तर त्या कप्प्याला ८० मिलिमीटर रुंदी हवी. पोत आणि लांब मंगळसूत्र यांना आडवा लांब कप्पा द्या, गुंडाळून ठेवले की गुंता होतो. जोडवी, नथ, डोरलं यांना लहान खाने. बाहेरून २६० लांब, १८० रुंद, १०० उंच एवढी पेटी एका नवरीला पुरते.

पेटी आणि झाकण वेगवेगळं करू नका. सहाही बाजूंनी बंद खोकं बनवा आणि मग वरून ३० मिलिमीटरवर चौफेर रेघ मारून करवतीने झाकण वेगळं काढा. झाकण आणि पेटी हमखास जुळतात, आणि लाकडाची नक्षी खालून वर सलग दिसते. कापताना दोन लांब बाजू आधी कापा, त्या फटीत करवतीच्या पात्याइतक्या जाड पट्ट्या घाला आणि मग आखूड बाजू घ्या, नाहीतर शेवटी करवत आवळते.

चारही बाजूंना आतून वर आणि खाली झिरी, म्हणजे फळीची कड बसेल अशी लांब खाच, लागेल. हाताने झिरी मारायचा रंधा नसेल तर तालुक्याच्या एखाद्या फर्निचरवाल्याकडून राउटरने (खाच पाडायच्या विजेच्या यंत्राने) मारून घ्या, त्याला चहा प्यायला लागतो तेवढा वेळही लागत नाही. झिरी ५ मिलिमीटर खोल आणि ५ रुंद ठेवा. तळाला ४ मिलिमीटरची प्लाय बसवा, प्लाय हलत नाही, तिला फेविकॉल चालतो. वरच्या सागवानी फळीला मात्र झिरीत फेविकॉलचा थेंबही नको. तिच्या कडा रंध्याने उतरत्या करा, म्हणजे त्या झिरीत सैल सरकतील. तुम्ही आता उन्हाळ्यात करताय, म्हणजे फळी सध्या सर्वांत अरुंद आहे. तिला रुंदीत दोन्हीकडे ४-४ मिलिमीटरच आत जाऊ द्या, उरलेला एक-एक मिलिमीटर पावसाळ्यासाठी. हेच काम श्रावणात केलं असतं तर भिडवून बसवा म्हणालो असतो. फळी मधोमध राहावी म्हणून दोन्ही आखूड बाजूंच्या बरोबर मध्यावर फेविकॉलचा एक-एक ठिपका चालेल, बाकी ती मोकळी. जोडण्याआधी फळीला दोन्ही अंगांनी पॉलिश मारा. एकाच अंगाला मारलं तर ती वाकते, आणि जोडल्यावर मारलं तर आकसताना कडेला कोरी रेघ उघडी पडते.

कोपऱ्यांना डोव्हटेलचा, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दातांच्या जोडाचा, हट्ट नको. लांब बाजूंच्या टोकांना आतून अर्धी जाडी कापा, त्यात आखूड बाजू बसवा आणि बाहेरून बांबूच्या खुंट्या मारा. खुंट्यांसाठी पूर्ण वाळलेला बांबू घ्या, सालीलगतचा भाग, तोच चिवट. त्याच्या काडीपेक्षा जरा जाड कांबी चिरा. लोखंडी पट्टीला ३ मिलिमीटरचं भोक पाडा, कांबीचं टोक तासून भोकात धरा आणि वरून हातोडीने हलके ठोकत पार काढा. खाली गोल, एकसारखी खुंटी येते. त्याच ड्रिलने कोपऱ्यात भोकं पाडून फेविकॉल लावून ठोका, वरचं टोक पटाशीने सपाट करा. सागाच्या तांबूस रंगावर ते पिवळसर ठिपके इतके देखणे दिसतात की ते लपवायचं कारण नाही. कोपऱ्यावर झिरीचं तोंड बाहेर दिसलं तर सागाचाच तुकडा बसवून घासून घ्या.

सागवान तेलकट असतं. जोडायची जागा त्याच दिवशी रंधून, थिनरच्या फडक्याने पुसून मगच फेविकॉल लावा. क्लॅम्प नसतील तर सायकलची जुनी ट्यूब लांब पट्टीत कापून चौफेर घट्ट गुंडाळा. लगेच दोन्ही कर्ण मोजा. सारखे नसतील तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर दाब द्या, ओलं असेपर्यंतच सरळ होतं. मग २४ तास हात लावू नका.

बिजागऱ्या पितळी घ्या. पितळी स्क्रू सागवानात सरळ पिळला तर डोकं तुटून हातात येतं. आधी बारीक भोक पाडा, त्याच मापाचा लोखंडी स्क्रू साबण लावून आत घाला, काढा, मग पितळी बसवा.

बाहेरून चपडा लाखेचं (लाखेच्या पातळ पापुद्र्यांचं) पॉलिश द्या. लाख आपल्याच मुलखातली, गोंदिया-गडचिरोलीकडे पळसा-कुसुमावर तिची शेती होते. एक लिटर स्पिरिटला १२०-१५० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा आणि सुती बोळ्याने पातळ हात द्या. झड लागायच्या आत हे उरका, दमट हवेत लाख पांढरी पडते. आतून अळशीचं तेल लावू नका, बंद पेटीत खवट वास धरतं.

अस्तराला सुती मखमल किंवा साधं खादीचं कापड. लोकर नको, रबराचा स्पंज नको, रबरवाला गोंदही नको. त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते, आणि बहिणीची जोडवी-पैंजण यातच राहणार.

फळ्या काढून आणल्या की त्यांच्या तोंडांचा जवळून फोटो पाठवा. झाकणाला कोणती घ्यायची ते पाहून सांगतो.