चार वर्षांच्या शिकारी लॅब्राडॉरला आता शिट्टीवर काम करायला शिकवता येईल का?

येईल की! चार वर्षं म्हणजे काही म्हातारपण नव्हे. तुम्ही लिहिलंय की तो 'सिट' आणि 'कम' नीट ऐकतो, पण फेझंट या रानपक्ष्याच्या शिकारीत लांब गेला की तुमची हाक पोचत नाही. म्हणजे निम्मं काम झालंय. बसणं-येणं त्याला येतंच, फक्त खूण बदलायची आहे. मीही इथे इंग्लंडात हिवाळ्यात पडलेले पक्षी उचलायला लॅब घेऊन जातो, म्हणून इकडची पद्धत सांगतो.

लॅबवाले बहुतेक अ‍ॅक्मे कंपनीची २११.५ नंबरची शिट्टी वापरतात. त्या नंबरच्या सगळ्या शिट्ट्यांचा सूर एकच, त्यामुळे चिखलात हरवली तरी नवी घेता येते. एक लांब फुंकर म्हणजे बस आणि माझ्याकडे बघ. भराभर तोकड्या 'पिप-पिप-पिप' म्हणजे परत ये. हलकी, थरथरती शिट्टी म्हणजे तिथेच आसपास हुंगत राहा. ही सगळ्यात शेवटी शिकवा.

खरी गोम क्रमात आहे. आधी शिट्टी, क्षणभर थांबून मग शब्द. दोन्ही एकदम केलंत तर तो ओळखीचा शब्द तेवढा ऐकतो, शिट्टी वाऱ्यावर जाते. शब्द आधी आणि शिट्टी मागून, हे तर अगदीच फुकट. पुढे कधीतरी तो शब्दाची वाट न बघता बूड टेकवेल. तिथून पुढे शब्द गिळायचा.

'पिप-पिप' जेवणाचं भांडं ठेवताना वाजवा, लॅबला तेवढं पुरतं.

कस लागतो तो थांबायच्या शिट्टीत. आधी पायाशी चालताना, मग चार पावलांवर रेंगाळत असताना. शिट्टी, तुमच्या हाताचा पंजा वर, तो बसला की लगेच चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे फेका. बक्षीस पाठीमागून येतं हे कळलं की तो जागच्या जागी थांबतो. हातातून खाऊ दिलात तर बसायच्या आधी तुमच्याकडे सरकत येईल. नाहीच थांबला तर पुन्हा पुन्हा फुंकू नका. चालत जा, शिट्टी वाजली तेव्हा तो जिथे होता तिथे आणून बसवा. आणि डमी, म्हणजे सरावासाठी फेकलेला खोटा पक्षी, आणायला सुटलेल्या कुत्र्याला सारखं थांबवू नका, नाहीतर शिट्टी नसतानाही तो मध्येच थांबून तुमच्याकडे बघत बसतो. ती खोड मोडणं शिट्टी शिकवण्याहून अवघड.

वाऱ्याचंही भान ठेवा. वारा त्याच्याकडून तुमच्याकडे वाहत असेल तर शिट्टीसुद्धा नीट पोचत नाही. दरवेळी तो मुजोरीच करतोय असं नसतं.

ऐन हंगामात मात्र हा उद्योग नको. इथे फेझंटचा हंगाम १ फेब्रुवारीला संपतो आणि १ ऑक्टोबरला उघडतो. मधले आठ महिने रग्गड झाले.