पन्नाशीनंतर पुन्हा सूर लावताना

‘या वयात गाणे शिकायला गेले तर लोक हसतील का?’ हा प्रश्न पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रिया मला वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. यावल तालुक्यातील एक ताई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) तो घेऊन आल्या, तेव्हा त्या ५२ वर्षांच्या होत्या. माहेरी त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका पूर्ण ही संगीताची सुरुवातीच्या टप्प्यातली परीक्षा दिली होती. पुढे केळीच्या बागेवरच्या मजुरांचा स्वयंपाक, सासूबाईंचे आजारपण आणि मुलांची शिक्षणे यांत गाणे मागे पडले. धाकटा मुलगा पुण्याला गेल्यावर त्यांनी पेटी काढली, पूर्वीच्याच ‘काळी पाच’ या पट्टीत (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून) सूर लावला आणि तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागेना म्हणून त्या खचल्या.

आवाजाचा प्रश्न त्यामानाने सोपा होता. रजोनिवृत्तीच्या सुमारास संप्रेरकांतील बदलांमुळे पुष्कळ स्त्रियांचा आवाज काहीसा खाली उतरतो. अशा वेळी जुन्या पट्टीचा हट्ट धरल्यास गळ्यावर ताण येतो. पांढरी पाच किंवा काळी तीन ही खालची पट्टी घ्यावी, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात सावकाश खर्ज (खालचे स्वर) लावावा आणि घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, एवढे मी सांगितले. संगीतशास्त्रकार पंडित भातखंडे यांनी लखनौचे संगीत महाविद्यालय १९२६ साली, पासष्टी उलटल्यावर उभे केले, यांसारखी उदाहरणे मात्र मी अशा वेळी देत नाही. त्यांची तालीम तरुणपणीच झाली होती, हे समोरच्या माणसाला कळते आणि तो अधिकच खट्टू होतो.

खरी गाठ वेगळीच होती. ‘शिकून काय हवे आहे?’ या प्रश्नाला ताईंचे उत्तर ठरलेले असे: ‘विशारद’, म्हणजे मंडळाच्या परीक्षांतली बरीच वरची पायरी. विशारदच का, याचा शोध घेताना दुसऱ्या भेटीत कळले, की नव्या नवरीला पेटीवर बसलेली पाहून ‘आपल्या घरात हे चालायचे नाही’ असे सासरे म्हणाले होते आणि यजमान गप्प राहिले होते. प्रमाणपत्र ज्यांच्यापुढे ठेवायचे होते, ते सासरे आता हयात नव्हते. पण यजमान होते, म्हणून पुढच्या भेटीला मी त्यांनाही बोलावले. ‘तेव्हा मी बोलायला हवे होते,’ हे वाक्य त्यांच्या तोंडून निघायला बराच वेळ लागला. त्या दिवशी ताई गाण्याविषयी काहीच बोलल्या नाहीत, आणि मला ते योग्यच वाटले.

आता त्या आठवड्यातून दोनदा फैजपूरला गुरुजींकडे जातात आणि शाळकरी मुलींच्या शेजारी बसून भूप राग नव्याने घोटतात. भजनी मंडळातल्या दोघी-तिघी हसल्याच; ताईंना ते लागले, तरी शिकवणी सुटली नाही. मध्यमा प्रथम या पुढच्या परीक्षेचा अर्ज भरायचा की नाही, हे त्यांनी अद्याप ठरवलेले नाही.