समुद्रावरच्या हवेतले कण मोजायला बसताना

अगं, समुद्रावरच्या हवेतले कण उपग्रहाच्या नोंदींतून मोजून त्यांनी ऊन किती घटतं ते पाहायचंय ना, मग थेट आलेख काढायला धावू नकोस. खोल समुद्र जवळच्या अवरक्त किरणांत जवळजवळ काळा दिसतो, म्हणून तिथून उपग्रहाकडे परतणारा उजेड बहुतांशी हवेचा आणि कणांचा असतो. किनाऱ्यालगत मात्र हे गणित फसतं. दाभोळ, जयगडच्या खाड्यांतून गाळ बाहेर येतो आणि गढूळ पाणी कणांच्या नावावर जमा होतं. नकाशातले काठचे ठिपके (पिक्सेल) सरळ वगळ, जीव अडकवू नकोस त्यांच्यात.

नकाशात मधेच रिकामा पट्टा दिसला तर फाइल बिघडली म्हणून पुन्हा उतरवत बसू नकोस. ती पाण्यावरून आरशासारखी परतणारी उन्हाची चकाकी. टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरच्या मोडिस उपकरणाच्या पद्धतीत चकाकीचा कोन, म्हणजे आरशासारख्या परावर्तनाच्या दिशेपासून उपग्रहाच्या नजरेचं अंतर, ४० अंशांहून कमी असला की तो भाग सोडून देतात.

जून ते सप्टेंबर विसरच, ढग काही हाती लागू देत नाहीत. जानेवारी ते मार्च धर. वारा जमिनीकडून, त्यात धूर आणि काजळी. हिंदी महासागरावरच्या हवेतले कण तपासणारी १९९९ची इंडोएक्स मोहीम याच महिन्यांत झाली.

आणि प्रकाशीय जाडी, म्हणजे कण थेट उजेड किती अडवतात त्याचं माप, हे पाण्यावरचं एकूण ऊन किती घटलं ते नव्हे. जाडी तेवढीच असली तरी मिठाचे कण ऊन नुसतं विखुरतात, काजळी ते शोषून हवा तापवते. अवकाशात परत गेलेलं ऊन ते मोजणाऱ्या सेरेस या उपग्रहावरच्या उपकरणाच्या निरभ्र आकाशाच्या नोंदींतून घे. पाण्यापर्यंत किती पोचलं ते उपग्रह थेट मोजत नाही, तिथे गणिती प्रारूप (मॉडेल) लागतं.

टेरा-ॲक्वा उपग्रहांच्या कक्षा गेल्या काही वर्षांत सरकल्यात, म्हणजे ते आता दिवसाच्या वेगळ्या वेळी डोक्यावरून जातात, तेव्हा जुन्या-नव्या आकड्यांच्या वेळा आधी तपास.